खलास म्हणजे कुठलं खलास?

विभावरी देवरेला अरबी येत होतं. म्हणजे यल्ला, खलास, शुक्रन आणि इन्शाल्ला हे चार शब्द येत होते. पण तेवढ्या भांडवलावर तिने आखातातल्या मेसईदच्या कंपनी कॉलनीत एकोणीस वर्षं काढली होती. एखाद्या भाषेकडून माणसाने याहून जास्त मागू नये, असं तिचं मत होतं. भाजीवाल्याला यल्ला म्हटलं की त्याचा हात चालतो. एसीवाला इन्शाल्ला म्हणाला की तो उद्या येत नाही. आणि खलास म्हणजे ठरलं, पक्कं झालं. टेलरला ब्लाउजचा गळा नीट समजला की तो टेप गळ्यात टाकून म्हणतो, खलास. सरकारी खिडकीवर फॉर्म एकदाचा मंजूर झाला की आतला माणूस शिक्का आपटून म्हणतो, खलास. नाशिकला माहेरी असताना खलास म्हणजे संपलं एवढंच तिला ठाऊक होतं. दूध खलास, गॅस खलास, टीव्हीतला गुंड खलास. पण तो अर्थ एकोणीस वर्षांत डोक्यातून पार धुऊन निघाला होता, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

विभावरी चव्वेचाळीस वर्षांची. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी., तेही फर्स्ट क्लास. लग्नाआधी दोन वर्षं पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी, मग मधुकररावांशी लग्न, मग मेसईद. मधुकरराव खताच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारे, शांत, जेवताना एकदाच ‘छान झालंय’ म्हणणारे. मुलगी ओवी अठरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. ही ओवी येत्या ऑगस्टमध्ये पुण्याला कॉलेजात जाणार होती. मग त्या घरात दुपारी कोण उरणार? एक विभावरी आणि एक एसी. त्यातला एसी तरी अधूनमधून बंद पडून लोकांचं लक्ष वेधून घेतो, असं ती हसत हसत म्हणायची. पण रहिवासाच्या कार्डावर आपल्या नावापुढे ‘गृहिणी’ वाचलं की तिला हल्ली धडकी भरायची. नोकरी हवी होती, ती याच्यासाठी. अगदी मनापासून हवी होती.

अशात ओवीने फोनवर एक जाहिरात दाखवली. बरीच वर्षं घरी असलेल्या बायकांसाठी तीन महिन्यांची इंटर्नशिप, इंडस्ट्रियल एरियातल्या एका पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये. विभावरीने अर्ज केला आणि चक्क निवड झाली. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ती इंटर्न झाली! रोज सकाळी कॉलनीतून सुटणारी बस पकडायची. ही बस चालवणारा निवृत्ती संगमनेरकडचा, बायकोमुलं गावी, स्वतः बरवा अल बराहा या कामगार वसाहतीत एका खोलीत सात जणांबरोबर राहणारा. तो तिला ‘लॅबवाल्या वहिनी’ म्हणायला लागला. त्या नुसत्या हाकेने तिचा दिवस मजेत जायचा.

लॅबमध्ये तिची वरिष्ठ होती साजिदा, हैदराबादची, वयाने तिच्याहून बारा वर्षांनी लहान आणि बोलायला चौपट. तिच्या वर विभागाचे सुदानी साहेब, उंच, मवाळ, तीन शब्दांत काम भागवणारे. तीन महिने झाले. शेवटच्या गुरुवारी साहेबांनी विभावरीच्या कागदावर सही केली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “खलास, मॅडम! शुक्रन. संडे, इन्शाल्ला.”

झालं. चारांपैकी तीन शब्द एका दमात, आणि वर संडे! विभावरीला दुसरं काय समजणार? नोकरी पक्की, आभारी आहोत, रविवारपासून या. साजिदा त्या दिवशी रजेवर होती, त्यामुळे समजावायलाही कोणी नव्हतं. बसमध्ये चढताना विभावरीला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

“निवृत्तीभाऊ,” ती म्हणाली, “मला नोकरी लागली.”

“काय सांगता वहिनी!” निवृत्तीने हॉर्नच वाजवला. समोरच्या ट्रकवाल्याने उगाच दचकून वाट दिली.

शुक्रवार-शनिवार तिथली सुट्टी. शुक्रवारी विभावरीने रव्याचे एकशे वीस लाडू वळले. कॉलनीतल्या प्रत्येक दारात दोन-दोन, गेटवरच्या वॉचमनला तीन, निवृत्तीला आणि त्याच्या सात खोलीबंधूंना मिळून एक अख्खा डबा. मधुकरराव एक लाडू खाऊन ‘छान झालंय’ म्हणाले आणि मग, न विचारता, आणखी एकदा म्हणाले. ओवीने फक्त विचारलं, “आई, डिड दे गिव्ह यू अ लेटर?”

“साहेबांनी तोंडाने सांगितलंय. खलास म्हणाले. तुला अरबी कळत नाही तर मध्ये बोलू नकोस.”

रविवारी ती नवी साडी नेसून कामावर गेली. गेटवरच्या गार्डने रोजच्यासारखा सलाम ठोकला आणि आत सोडलं. तिने कोट चढवला, आपल्या टेबलावर बसली आणि समोर आलेली सँपलं घ्यायला लागली. कोणी काही म्हटलं नाही. कामावर आलेल्या माणसाला ‘का आलात’ असं विचारायची पद्धत कुठल्याच ऑफिसात नसते. साडेदहापर्यंत तिने पाच सँपलं तपासून रजिस्टरमध्ये लिहिली, तारखेखाली दोनदा रेघ मारली. त्यात एका लेबर कॅम्पातून आलेली दोन सँपलं तिने परत पाठवायला बाजूला काढली. जंतू तपासायच्या बाटलीत आधीच चिमूटभर पांढरी पूड टाकलेली असते. ती पाण्यातलं क्लोरीन मारते. नाहीतर सगळे जंतू बाटलीतच, वाटेत मरून जातात आणि घाण पाणीही कागदावर स्वच्छ ठरतं. या दोन बाटल्या चुकून साध्याच पाठवल्या होत्या.

तेवढ्यात मीटिंग संपवून साजिदा आली. ती दारातच थांबली.

“विभा, तुम यहाँ कायकू बैठे जी? सर्टिफिकेट तो रिसेप्शन पे रक्खा है ना.”

“कसलं सर्टिफिकेट? मी कामावर आलेय.”

मग हळूहळू सगळा उलगडा झाला. खलास म्हणजे तीन महिने संपले. शुक्रन म्हणजे आभार. संडे म्हणजे रविवारी येऊन शिक्का मारलेलं सर्टिफिकेट घेऊन जा. साहेबांनी अरबीत बोलून विभावरीच्या मराठीला धक्कासुद्धा लावला नव्हता; नाशिकच्या माणसाला जे कळलं असतं तेच ते म्हणाले होते.

विभावरीची एक खोड होती. संकट आलं की तिला हसू यायचं. लग्नात मुंडावळ्या पेटता पेटता राहिल्या तेव्हाही ती हसली होती. आता हातात रजिस्टर, अंगात दुसऱ्याचा कोट, आणि ती हसायला लागली. “पाच सँपलं केली मी,” ती म्हणाली, आणि पुन्हा हसली. साजिदाने तिच्याकडे पाहिलं, रजिस्टरकडे पाहिलं, मग तीही खुर्चीत कोसळली. दोघी डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. त्यातलं विभावरीचं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं.

“एक विचारू?” जरा दम घेतल्यावर ती म्हणाली. “मला ठेवलं का नाही? खरं सांग.”

साजिदाने खरं सांगितलं. “काम तुम्हारा सोना है, अल्ला कसम. मगर कछुए की चाल जी. तुम दिन के बारा सँपल करते, बाकी लोगाँ तीस.”

हे ऐकून बरं वाटायला नको होतं, पण वाटलं. आपल्याला काही येत नाही, आपण म्हाताऱ्या झालो, असं काहीबाही तिच्या मनात येऊन गेलं होतं. कासव असणं त्या मानाने परवडलं. कासवाला निदान पाय असतात.

परतीच्या बसमध्ये निवृत्तीने आरशातून विचारलं, “वहिनी, पयल्याच दिवशी हाफ डे?”

तिने त्याला सगळं सांगून टाकलं आणि शेवटी म्हणाली, “लाडू वाटले हो मी! आता तोंड कसं दाखवू?”

निवृत्तीने विचार करून गिअर बदलला. “लाडू तर कवाच पचले, वहिनी. आता कोन परत मागायला येतंय?”

तोंड दाखवावंच लागलं. कॉलनीने चार दिवस चविष्टपणे हळहळ व्यक्त केली आणि मग प्रत्येकीने सल्ला दिला. कारण आता खरा प्रश्न पुढे होता. दुसरीकडे अर्ज केला की ते विचारणार: इंटर्नशिप केलीत, मग त्यांनी ठेवून का घेतलं नाही? याला काय सांगायचं?

“जस्ट से बजेट कट,” ओवी म्हणाली.

“पण बजेट कट नव्हतं. खोटं कसं बोलू?”

“दॅट्स नॉट लाइंग, आई. दॅट्स पोझिशनिंग.”

मधुकरराव म्हणाले, “त्यापेक्षा इंटर्नशिपचं लिहूच नकोस.”

विभावरीने दोघांचंही ऐकलं, आणि दोनदा तोंडावर आपटली. पहिल्या इंटरव्ह्यूत तिने ‘बजेट’ हा शब्द उच्चारला मात्र, तिला साडेदहाची ती सकाळ आठवली आणि हसू फुटलं. ती पाणी प्यायली, पुन्हा ‘बजेट’ म्हणाली, आणि पाणी नाकात गेलं. समोरच्यांनी तिला टिश्यूचा अख्खा डबा दिला, नोकरी दिली नाही. दुसऱ्या ठिकाणी तिने इंटर्नशिप लपवली. तर तिथल्या माणसाने बायोडेटा खालीवर करून विचारलं, “मॅडम, या एकोणीस वर्षांत तुम्ही काय केलंत?” विभावरीने प्रामाणिकपणे हिशेब मांडायचा प्रयत्न केला आणि तोंडातून निघालं, “पोळ्या.” त्यानेही प्रामाणिकपणे मान डोलावली आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

त्या दिवशी घरी येऊन ती पाय पसरून बसली आणि म्हणाली, “बारा.”

“बारा व्हॉट?” ओवीने विचारलं.

“दिवसाला बारा सँपलं. खोटं मला जमत नाही, हे सिद्ध झालंय. आता मला कासवाचंच काहीतरी करायला हवं.”

दुसऱ्या सकाळपासून देवरेंच्या स्वयंपाकघराची लॅब झाली. घरातले सगळे स्टीलचे पेले ओट्यावर रांगेत. प्रत्येकाला चिठ्ठी. नळाचं पाणी भरायचं, ओवीच्या लहानपणीच्या औषधाच्या ड्रॉपरने त्यातले बरोबर दहा थेंब मोजायचे, वेळ लिहायची, नाव लिहायचं, पुढचा पेला. ओवी फोनवर वेळ लावून बसायची आणि “यल्ला आई, यल्ला!” म्हणून ओरडायची, निदान एक शब्द तरी इंग्रजी नसलेला. पहिल्या आठवड्यात विभावरीने तीन पेले सांडले, एकाला चुकून दोन चिठ्ठ्या लावल्या. आणि कुठे वेळ जातो ते तिला तिथे कळलं. ती प्रत्येक आकडा तीनदा ताडून बघायची. पहिल्यांदा काळजीने, दुसऱ्यांदा सवयीने आणि तिसऱ्यांदा निव्वळ भीतीने. तिसरं ताडणं तिने सोडलं. सोडायला दोन आठवडे लागले, पण सोडलं. एकदा मधुकरराव रात्रपाळी करून सकाळी आले आणि घशाला कोरड पडली म्हणून समोरचा पेला उचलून घटाघटा प्यायले.

“अहो, सतरा नंबर प्यायलात!” विभावरी किंचाळली.

मधुकररावांनी रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. “छान होतं,” ते म्हणाले.

बाराचे अठरा झाले, अठराचे चोवीस. एका तासात किती आणि दिवसात किती याचं गणित ओवीने भिंतीवर चिकटवलं. तेवढ्यात मेसईदमधल्याच एका लॅबमधून बोलावणं आलं. कारखान्यांच्या कॅन्टीनचं आणि कामगारांच्या वसाहतींचं पाणी तपासणारी लॅब, घरापासून बसने दहा मिनिटं. एकच जागा होती. ओवीचं विमान तीन आठवड्यांवर आलं होतं. सकाळी निघताना विभावरीला नेहमीप्रमाणे आतल्या आत हसू येत होतं.

टेबलापलीकडे दोघं होते. एक इजिप्तचे साहेब, टक्कल, चष्मा टकलावर. दुसरी हजरा, लॅबची प्रमुख, डोक्यावर स्कार्फ, नाकाच्या शेंड्यावर पेन टेकवून बायोडेटा वाचणारी. साहेबांनी पहिलाच प्रश्न तो विचारला. “तीन महिने इंटर्नशिप. ठेवून घेतलं नाही. का?”

विभावरीकडे बजेट तयार होतं. तिने तोंड उघडलं, हसू घशाशी आलं, आणि तिने ठरवलं की आता जाऊ दे.

“सर, खरं सांगू? मला ठेवलेलं नाही, हेच मला कळलं नव्हतं. निरोप मी चुकीचा समजले. कॉलनीत एकशे वीस लाडू वाटले आणि रविवारी कामावर गेले. साडेदहापर्यंत पाच सँपलं केली.”

साहेबांनी टकलावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. “तुम्ही नसलेल्या नोकरीवर गेलात?”

“हो. त्यातली दोन बाजूला ठेवली, बाटलीत पूड नव्हती म्हणून. त्यांनी नंतर ती दुसऱ्यांदा मागवली. आणि ठेवलं नाही कारण मी हळू होते. दिवसाला बारा. ते चुकले नाहीत, मी खरंच हळू होते. आता घरी सराव केलाय. परवा चोवीस झाली. एक सँपल नवरा प्यायला, म्हणून तेवीस धरा.”

हजराच्या हातातलं पेन खाली पडलं. ती उठली, आत गेली, ट्रेमध्ये बारा रिकाम्या बाटल्या घेऊन आली आणि नळाकडे बोट दाखवलं. “भरा, चिठ्ठ्या लावा, क्लोरीन नळाशीच वेगळं बघा, रजिस्टर लिहा. वीस मिनिटं.”

विभावरीने पदर खोचला. आता कोणी इंग्रजी विचारत नव्हतं, एकोणीस वर्षांचं विचारत नव्हतं. नळ होता, बाटल्या होत्या, आणि डोक्यात ओवी यल्ला म्हणून ओरडत होती. सातवी बाटली उचलून तिने उजेडात धरली, बूच न उघडताच खाली ठेवली आणि पुढची घेतली. पंधराव्या मिनिटाला तिने पेन बंद केलं. “अकरा झाल्या,” ती म्हणाली. “सातवीत पूड नाहीये. ती मी भरणार नाही.”

हजराने सातवी बाटली उचलून पाहिली आणि साहेबांकडे बघून नुसती मान हलवली. ती तिनेच मुद्दाम ठेवलेली होती. साहेबांनी रजिस्टरवरून बोट फिरवलं, अक्षर पाहिलं, ते मिटलं आणि हात झटकून म्हणाले, “खलास, मॅडम. शुक्रन.”

पुन्हा तेच? अगदी त्याच क्रमाने? शहाण्या बाईने आता पर्स उचलून निघायला हवं होतं. पण ती खुर्चीला चिकटून बसली. एकदा फजिती झालेल्या माणसाला दुसऱ्यांदा लाज कमी वाटते.

“सर,” ती म्हणाली, “कुठलं खलास?”

साहेब गोंधळले. “खलास म्हणजे खलास. किती प्रकारचं असतं?”

“तुमचं माहीत नाही. आमच्याकडे खलास म्हणजे माणूस मेला.”

हजरा आता टेबलावर डोकं ठेवून हसत होती. वर मान करून ती एकदम मराठीत बोलायला लागली. “अगो बाय, मी पन रत्नांग्रीची! मला ठावं आहे तुजा कुठला खलास तो. ह्यो अरबी गो, अरबी! तुजा काम झाला!” मग तिने साहेबांना अरबीत काहीतरी सांगितलं. ते इतके हसले की चष्मा पुन्हा टकलावर गेला. “खलास गुड,” ते बोट वर करून म्हणाले. “नॉट खलास डेड.”

“मग लिहून द्या,” विभावरी म्हणाली.

आणि तिने कागद छापून, सही होऊन, शिक्का बसेपर्यंत तिथून पाय काढला नाही. हजराने तिला तोवर दोनदा चहा पाजला. कागदावर तारीख होती, वार होता, आणि तिच्या नावापुढे इंग्रजीत लिहिलं होतं, लॅब टेक्निशियन. ते तिने तीनदा ताडून पाहिलं. तिसऱ्यांदा भीतीने नाही, उगाच, मजा म्हणून.

घरी दारातच मधुकरराव आणि ओवी उभे होते. दोघांनीही दाराजवळ काहीतरी काम काढलं होतं. ते अर्धा तास कपाटातल्या चपला लावत होते.

“काय झालं?” मधुकररावांनी विचारलं.

विभावरीला सगळं एकदम सांगायचं होतं, पण तोंडातून एकच शब्द आला. “खलास.”

मधुकररावांच्या हातातली चप्पल तशीच राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. ओवी मात्र पुढे आली, तिने आईचे दोन्ही हात धरले, आणि ती मराठीत बोलली. पहिलीत शाळा सुरू झाल्यापासून ती एवढं लांबलचक मराठी कधी बोलली नव्हती.

“आई, तू रडायचं नाही हां. तू किती प्रॅक्टिस केलीस, मी बघितलंय ना. त्यांनाच काही कळत नाही. मी पुण्याला नाही गेले तर चालेल. मी थांबते तुझ्याजवळ.”

विभावरीला रडू यायला लागलं. हसू तर केव्हाचं येतच होतं. आता दोन्ही एकाच वेळी बाहेर पडायला लागलं, तेव्हा तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि लेकीच्या हातात दिला.

“जायचं पुण्याला,” ती म्हणाली. “मला वेळ नाहीये. रविवारपासून ड्यूटी आहे.” आणि मधुकररावांकडे वळून तिने विचारलं, “अहो, घरात रवा किती आहे?”